विंडोज ११ टाकल्यापासून प्रिंटर सारखा ‘ऑफलाइन’ होतोय? आधी पोर्ट बघा

माझी आत्या मिरजेला असते. घरी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते आणि दर शनिवारी त्यांची चाचणी घेते. प्रश्नपत्रिका शुक्रवारी रात्री घरच्याच प्रिंटरवर काढते. प्रिंटर शाईच्या टाक्यांचा, वायफायवरचा, प्रिंट-स्कॅन-झेरॉक्स तिन्ही करणारा. लॅपटॉपवर विंडोज १० होते तोवर चार वर्षांत त्याने तिला एकदाही अडवले नव्हते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा नियमित आधार संपला, म्हणून दिवाळीला घरी आलेल्या माझ्या आतेभावाने विंडोज ११ टाकून दिले. तेव्हापासून शुक्रवारचा फोन ठरलेला. “अगं, परत ऑफलाइन म्हणतोय बघ. दिवा तर हिरवा आहे.”

दर वेळी आम्ही तेच करायचो. राऊटर बंद-चालू करायचा, सेटिंग्जमधून प्रिंटर काढून टाकायचा, ‘ॲड डिव्हाइस’ म्हणून परत जोडायचा. चाचणीचे पान निघाले की दोघीही सुटल्यासारख्या व्हायचो. आठवड्याभराने पहिले पाढे पंचावन्न. तीन शुक्रवार असे गेले. चौथ्या वेळी तिने रात्री साडेनऊला पंचवीस मुलांच्या प्रश्नपत्रिका बाहेर झेरॉक्सच्या दुकानातून आणल्या, तेव्हा मी शनिवारची गाडी पकडून मिरजेला गेले आणि तिथे बसून मूळ शोधले. ते मूळ ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकाला प्रिंटर चालवायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हते, प्रिंटरमध्येही नव्हते. हाच त्रास बऱ्याच घरांत चालू आहे आणि बहुतेक जण ड्रायव्हर काढ-घाल करण्यात रात्री घालवत आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते.

दोष कोणाचा ते आधी ठरवा

कशालाही हात लावण्याआधी दोन गोष्टी करा. पाच मिनिटे लागतात. पहिली, लॅपटॉप बाजूला ठेवून नुसत्या प्रिंटरवर एका कागदाची झेरॉक्स काढा. साधा लेझर प्रिंटर असेल आणि त्याला एकच बटण असेल, तर बहुतेक मॉडेलमध्ये ते काही सेकंद दाबून धरले की तो स्वतःच्या माहितीचे पान छापतो. हे पान आले तर कागद ओढणे, शाई, टोनर, सगळे ठीक आहे. दुसरी, त्याच वायफायवर असलेल्या मोबाइलवरून एखादा फोटो प्रिंटरला पाठवा.

मोबाइलवरून प्रिंट येते आणि लॅपटॉपवरून येत नाही, म्हणजे प्रिंटर आणि राऊटर यांच्यातले संबंध चांगले आहेत. बिनसले आहे ते लॅपटॉपचे. दोन्हीकडून येत नसेल तर प्रिंटर वायफायवरूनच सुटला आहे, आणि मग लॅपटॉपमध्ये कितीही खुडबुड केली तरी उपयोग नाही. अशा वेळी राऊटर अलीकडे बदलला का, पासवर्ड बदलला का ते बघा. घरातले बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय ओळखतात. नव्या राऊटरमध्ये २.४ आणि ५ ची नावे वेगळी असतील तर प्रिंटरला ५ वाले नाव दिसतच नाही. राऊटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ या नव्या पद्धतीवर ठेवली असेल तरीही जुना प्रिंटर आत येऊ शकत नाही. तिथे डब्ल्यूपीए-२ किंवा दोन्ही मिळून असलेला पर्याय ठेवावा लागतो.

आत्याच्या मोबाइलवरून प्रिंट छान येत होती. हा प्रश्न मी तिला पहिल्याच फोनवर विचारला असता तर तीन आठवडे वाचले असते.

रांग अडकली असेल तर ती मोकळी करा

‘ऑफलाइन’ दिसत असताना आपण अधीर होऊन चार-पाचदा प्रिंट दाबतो. ती सगळी कामे रांगेत साठतात. पहिले काम अर्धवट अडकले की मागची सगळी थांबतात आणि ‘डिलीटिंग’ असे लिहिलेले काम तासभर तसेच राहते. मूळ बिघाड दुरुस्त केला तरी ही रांग तशीच असेल तर काहीच छापले जात नाही, आणि आपल्याला वाटते की उपाय फसला. म्हणून ती आधीच साफ करावी.

स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधा. यादीत ‘प्रिंट स्पूलर’, म्हणजे ही रांग सांभाळणारा प्रोग्राम, सापडेल. त्यावर उजवी क्लिक करून ‘स्टॉप’ म्हणा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स असे आत जा. परवानगी विचारली तर ‘कंटिन्यू’ करा. आत प्रत्येक अडकलेल्या कामाच्या दोन-दोन फाइली असतात, एक एसपीएल आणि एक एसएचडी. त्या सगळ्या पुसा. फोल्डर मात्र पुसायचा नाही, फक्त आतले रिकामे करायचे. परत येऊन स्पूलर ‘स्टार्ट’ करा. आत्याच्या लॅपटॉपमध्ये तिथे बावीस फाइली होत्या, म्हणजे अकरा प्रश्नपत्रिका.

घोडे इथे पेंड खात होते

आता मुख्य गोष्ट. सेटिंग्ज, ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’, तिथे आपला प्रिंटर, मग ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ आणि त्यात ‘पोर्ट्स’ हा टॅब. ज्या ओळीपुढे बरोबरची खूण आहे ती ओळ वाचा. आत्याकडे तिथे ‘डब्ल्यूएसडी’ या अक्षरांनी सुरू होणारे, आकडे-अक्षरांचे लांबलचक नाव होते.

पोर्ट म्हणजे प्रिंट कोणत्या वाटेने पाठवायची ते. वायफायच्या प्रिंटरसाठी दोन वाटा नेहमी दिसतात. ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ असेल तर लॅपटॉपकडे प्रिंटरचा पक्का पत्ता लिहिलेला असतो आणि तो थेट तिथेच जातो. ‘डब्ल्यूएसडी’ असेल तर लॅपटॉप घरभर हाक मारतो, “अमुक प्रिंटर आहे का?” आणि प्रिंटरने ओ दिली तर त्याच्याकडे जातो. ऐकायला ही दुसरी रीत सोयीची वाटते, कारण पत्ता बदलला तरी हाकेला उत्तर मिळायला हवे. पण ती हाक एकाच वेळी सगळ्यांना उद्देशून असते आणि घरगुती राऊटर अशा हाका नेहमी पुढे पोहोचवतातच असे नाही. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर आणि प्रिंटर २.४ वर असेल तर हे जास्त होते. राऊटर बंद-चालू केला की थोडे दिवस हाक पोहोचते, मग परत थांबते. आमचा ‘उपाय’ दर वेळी लागू पडत होता तो यामुळे. प्रिंटर काढून जोडल्याने काहीच झाले नव्हते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होता.

मग विंडोज १० वर चार वर्षे कसे चालले? तेव्हा आतेभावाने प्रिंटरच्या कंपनीची सीडी लावून सगळे बसवले होते आणि त्या सीडीने पक्क्या पत्त्याचे पोर्ट तयार केले होते. विंडोज ११ वर गेल्यावर पहिली प्रिंट आली नाही म्हणून त्याने प्रिंटर काढून ‘ॲड डिव्हाइस’ने परत जोडला, आणि विंडोजने आपण होऊन डब्ल्यूएसडी निवडले. नवी प्रणाली आल्यावर प्रिंटर काढून परत जोडणे हे बहुतेक घरांत पहिले पाऊल असते, त्यामुळे हा बदल असाच नकळत होऊन बसतो.

दुरुस्ती अशी करायची.

१. प्रिंटरवरून त्याचे नेटवर्कचे पान छापा किंवा त्याच्या छोट्या पडद्यावर नेटवर्कची माहिती उघडा. त्यात आयपी ॲड्रेस, म्हणजे वर म्हटलेला पत्ता असेल, साधारण १९२.१६८.१.४ असा. काही राऊटरमध्ये तिसरा आकडा १ ऐवजी ० किंवा २९ असतो, तो जसा दिसेल तसाच घ्या. त्याच पानावर मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रिंटरचा स्वतःचा न बदलणारा ओळख क्रमांक, म्हणून दोन-दोन अक्षर-आकड्यांच्या सहा जोड्या असतात. तोही लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

२. ‘पोर्ट्स’ टॅबमध्ये ‘ॲड पोर्ट’, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, ‘न्यू पोर्ट’. पत्ता इंग्रजी आकड्यांत टाइप करा. बाकी सगळीकडे ‘नेक्स्ट’.

३. यादीत नव्या पोर्टपुढे खूण आली आहे ना ते बघून ‘अप्लाय’. मग ‘जनरल’ टॅबवरून ‘प्रिंट टेस्ट पेज’.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ड्रायव्हरचे नाव ‘मायक्रोसॉफ्ट आयपीपी क्लास ड्रायव्हर’ असे असेल, तर नुसते पोर्ट बदलून भागत नाही. तो ड्रायव्हर वेगळ्या वाटेसाठीच बनलेला आहे. अशा वेळी कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर उतरवा आणि ‘ॲड डिव्हाइस’, ‘ॲड मॅन्युअली’, मग आयपी ॲड्रेसने प्रिंटर जोडण्याचा पर्याय, अशा रीतीने नव्याने जोडा. विंडोज ११ साठी वेगळा ड्रायव्हर दिसला नाही तर विंडोज १० चा ६४-बिट ड्रायव्हर घ्या, तो सहसा चालतो.

पत्ताच बदलला तर?

पोर्ट बदलून मी पुण्याला परतले. दोन शुक्रवार शांत गेले. तिसऱ्या शुक्रवारी परत फोन. या वेळी मी तिला काहीही काढू दिले नाही. “आधी नेटवर्कचे पान छाप आणि पत्ता वाचून दाखव,” म्हटले. तिने चष्मा लावून एकेक आकडा वाचला. शेवटचा आकडा ७ होता. लॅपटॉपमधल्या पोर्टवर ४ होता.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला राऊटर पत्ता वाटतो, आणि तो काही काळापुरताच असतो. आत्याकडे इन्व्हर्टरवर दिवे-पंखे आहेत, राऊटर नाही. लाईट गेली की राऊटर बंद पडतो आणि कोणाला कोणता पत्ता दिला होता हे बरेच घरगुती राऊटर विसरतात. लाईट आली की घरातले मोबाइल आणि टीव्ही लगेच येऊन पत्ते घेतात. प्रिंटर मात्र ती शुक्रवारी रात्रीच चालू करते. तोवर त्याचा जुना पत्ता दुसऱ्याच कोणाकडे गेलेला असतो. या वेळी ४ नंबर तिच्या सासूबाईंच्या मोबाइलकडे होता आणि लॅपटॉप बिचारा प्रश्नपत्रिका त्या मोबाइलकडे पाठवत होता.

म्हणून पत्ता राखून ठेवायचा. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकला, बहुधा १९२.१६८.१.१, की राऊटरचे पान उघडते. नाव-पासवर्ड राऊटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर असतो. आत ‘लॅन’ किंवा ‘डीएचसीपी’ या नावाखाली ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ असे काहीतरी सापडेल. तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस घालायचा आणि त्याच्यापुढे एक पत्ता. मी १९२.१६८.१.५० दिला. इतका पुढचा आकडा सहसा रिकामा असतो. सेव्ह करून प्रिंटर बंद-चालू केला, परत नेटवर्कचे पान छापून ५० आले याची खात्री केली, आणि लॅपटॉपवर ५० चे नवे पोर्ट केले.

राऊटर इंटरनेट देणाऱ्या कंपनीने कुलूपबंद ठेवला असेल तर त्यांच्या माणसाला हेच शब्द सांगून करून घ्या. ते अगदीच जमत नसेल तर प्रिंटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पत्ता हाताने पक्का करता येतो. पण मग तो राऊटर वाटतो त्या आकड्यांच्या बाहेरचा हवा, नाहीतर दोन उपकरणांना एकच पत्ता जाऊन दोन्ही अडतील.

एवढे करूनही प्रिंट नीट येते पण पडद्यावर मधूनमधून ‘ऑफलाइन’ उमटते, असे झाले तर ‘पोर्ट्स’मध्ये ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडा आणि ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’समोरची खूण काढा. लॅपटॉप प्रिंटरला अधूनमधून “आहेस ना?” असे विचारतो आणि काही घरगुती प्रिंटर त्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. खूण काढली की विचारणे थांबते.

प्रिंट दुसरीकडेच जाते

काही वेळा प्रिंटर ऑफलाइन नसतो, पण आपण प्रिंट दाबली की ‘फाइल सेव्ह करा’ म्हणून खिडकी उघडते. म्हणजे काम ‘प्रिंट टू पीडीएफ’कडे गेले. विंडोज १० च्या नोव्हेंबर २०१५ च्या आवृत्तीपासून एक सोय आहे, ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’. ती चालू असेल तर आपण शेवटी वापरलेला प्रिंटरच मुख्य ठरतो. ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’च्या पानावर खाली ती बंद करा आणि आपला प्रिंटर स्वतः ‘सेट ॲज डिफॉल्ट’ करा. घरात एकच प्रिंटर असणाऱ्यांना ती सोय काहीच कामाची नाही.

सातबाऱ्याची खालची ओळ कापली जाते

नव्याने ड्रायव्हर बसवल्यावर हा त्रास फार दिसतो. विंडोजमध्ये देश ‘युनायटेड स्टेट्स’ राहिला असेल तर ड्रायव्हर कागद ‘लेटर’ धरतो. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर आणि आपला ए४ २१० बाय २९७. उंचीत १८ मिलिमीटरचा फरक. ऑनलाइन काढलेला सातबारा, शाळेचा दाखला, बँकेचे पासबुकाचे पान, सगळे ए४ वर आखलेले असते. मग कुठे खालची ओळ जाते, कुठे सगळा मजकूर आक्रसतो, आणि कागदाचे माप तपासणारा प्रिंटर असेल तर नारिंगी दिवा लुकलुकत ठेवून छापायचेच नाकारतो. माझ्या सासऱ्यांना दोन तास वाटत होते की कागद अडकला आहे. ट्रे काढून, मागचे झाकण उघडून, टॉर्च लावून बघितले. अडकलेले काहीच नव्हते.

माप दोन ठिकाणी बदलावे लागते, आणि दुसरे ठिकाण सगळे विसरतात. ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये बदललेले माप फक्त आपल्या खात्यापुरते असते. ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’च्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ असे बटण आहे. तिथे बदलले की घरातल्या सगळ्यांच्या खात्यांना लागू होते. शिवाय प्रिंटरला स्वतःचा पडदा असेल तर त्याच्या ट्रेचे माप पण ए४ करा.

याच जोडीला मराठी फॉन्टचे सांगते. विंडोज सगळे पुसून नव्याने टाकले तर ‘मंगल’ फॉन्ट आपोआप येईलच असे नाही. तो आणि कोकिळा, उत्साह, अपराजिता हे सगळे ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ नावाच्या वेगळ्या गठ्ठ्यात असतात. नसला तर मराठी दिसते, कारण ‘निर्मला’ हा फॉन्ट असतोच, पण ओळींमधले अंतर बदलते आणि एका पानात बसवलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडते. सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधून तो गठ्ठा उतरवला की पान होते तसे होते. कृतिदेव किंवा श्री-लिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइली असतील तर ते फॉन्ट हाताने परत टाकावे लागतात, नाहीतर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा छापला जातो. हा दोष प्रिंटरचा नसतो.

यूएसबी वायरने जोडलेला असेल तर

प्रिंटरच्या नावापुढे ‘कॉपी १’ असलेली दुसरी नोंद दिसते का बघा. वायर आधी एका खाचेत होती आणि आता दुसऱ्या खाचेत घातली, की काही प्रिंटरना विंडोज नवा प्रिंटर समजते. जुनी नोंद मुख्य राहते आणि तिच्या पोर्टवर कोणीच नसते. ‘पोर्ट्स’मध्ये यूएसबी००१, यूएसबी००२ असे असतात. योग्य ते निवडा, जुनी नोंद काढा आणि वायर यापुढे एकाच खाचेत ठेवा.

जानेवारी २०२५ अखेरच्या एका अपडेटनंतर यूएसबीवरच्या काही प्रिंटरमधून आपोआप कागद बाहेर येऊ लागले होते, आणि त्यांवर ‘पोस्ट’, ‘आयपीपी’ अशा इंग्रजी शब्दांनी सुरू होणाऱ्या निरर्थक ओळी. मार्च २०२५ मधल्या अपडेटने ते बरे केले. अजून कोणाकडे दिसत असेल तर त्या संगणकावर तेव्हापासून अपडेट झालेले नाही, इतकाच त्याचा अर्थ.

वायरने एका संगणकाला जोडून तोच प्रिंटर दुसऱ्या संगणकावरून वापरत असाल आणि ‘११बी’ किंवा ‘७०९’वर संपणारा एरर येत असेल, तर दोन्ही संगणक पूर्ण अपडेट करा आणि दोन्हींवर घरचे वायफाय ‘प्रायव्हेट नेटवर्क’ करा. विंडोज ११ नवे नेटवर्क ‘पब्लिक’ धरते आणि मग संगणक एकमेकांना दिसत नाहीत. २०२१ मध्ये प्रिंट स्पूलरमधून घुसखोरीच्या गंभीर वाटा सापडल्यावर हे सगळे नियम कडक झाले. त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या अपडेटनंतर ‘११बी’ दिसू लागला. रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीतला, एक आकडा शून्य करून तो घालवता येतो हे खरे, पण त्याने तेच दार परत उघडे पडते. मी तो मार्ग कोणालाही सुचवत नाही.

ड्रायव्हरच मिळत नाही

विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. ज्या प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीने ६४-बिटसाठी कधी काढला नाही, तो यावर चालणार नाही. स्वस्तातल्या जुन्या लेझर प्रिंटरचे दुखणे आणखी खोल आहे. त्यांना पान कसे मांडायचे हे स्वतःला कळत नाही. संगणकातला ड्रायव्हर पानाचे चित्र बनवून देतो तेव्हा ते छापतात, म्हणून विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर त्यांना लागू पडत नाही, कंपनीचाच लागतो. असा प्रिंटर आणि अडगळीत एखादा जुना संगणक दोन्ही असतील, तर त्या संगणकावर लिनक्स टाकून बघण्यासारखे आहे. लिनक्सवाल्यांनी अशा कित्येक मॉडेलसाठी स्वतः ड्रायव्हर लिहिले आहेत.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ नावाचा पर्याय आला आहे. तो चालू केला की कंपन्यांचे ड्रायव्हर निघून जातात आणि फक्त मोप्रिया (प्रिंटर कंपन्यांची संघटना) प्रमाणित प्रिंटर चालतात. सुरक्षेचे म्हणून कोणी चालू केला असेल आणि जुना प्रिंटर एकदम नाहीसा झाला असेल तर तो बंद करा.

नुकतेच विंडोज ११ वर गेला असाल आणि उद्याच्या उद्या प्रिंट हवीच असेल, तर दहा दिवसांच्या आत ‘रिकव्हरी’मधून ‘गो बॅक’ करून विंडोज १० वर परतता येते. त्यानंतर ती वाट बंद होते.

प्रिंट येते पण स्कॅन होत नाही, असे असेल तर विंडोजने फक्त छपाईपुरता ड्रायव्हर बसवला आहे. कंपनीचा पूर्ण संच उतरवा.

मदतीचा नंबर शोधताना

हे मला कळकळीने सांगायचे आहे. प्रिंटरच्या नावासह ‘हेल्पलाइन’ असे शोधले की वर जे नंबर येतात त्यांतले बरेच खोटे असतात. आत्याच्या शेजारच्या काकांनी असाच एक नंबर लावला. पलीकडच्या माणसाने गोड बोलून संगणकाचा ताबा घेणारे ॲप टाकायला लावले, ‘ड्रायव्हर खराब झालाय’ म्हणून साडेतीन हजार मागितले आणि बँकेचे पान उघडायला सांगितले. काकांच्या सुनेने वेळेवर इंटरनेट बंद केले म्हणून वाचले. नंबर घ्यायचा तो प्रिंटरच्या खोक्यावरचा किंवा सोबतच्या पुस्तिकेतला. ड्रायव्हर फुकट असतो, त्यासाठी कोणीही पैसे मागत असेल तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवा, बँकेत जायची वाट बघू नका.

आत्याच्या प्रिंटरच्या बाजूला आता एक कागद चिकटपट्टीने लावला आहे. त्यावर मॉडेलचे नाव, १९२.१६८.१.५०, मॅक ॲड्रेस, ‘पोर्ट: टीसीपी/आयपी’ आणि पत्ता राखून ठेवला ती तारीख. खाली तिने तिच्या अक्षरात भर घातली आहे: “ऑफलाइन आले तर आधी नेटवर्कचे पान छापणे. शेवटी ५० आहे का बघणे. काही काढू नये.” गेल्या गुरुवारी तिच्याकडे तीन वेळा लाईट गेली. शुक्रवारी रात्री प्रश्नपत्रिका निघाल्या.